नेरेइदाच्या लुगड्यातला पट्टा

फ्रोसिनाने जन्मात कधी समुद्र पाहिला नव्हता, पण सान मातेओ युकुसात समुद्र तिच्याइतका कुणी विणला नव्हता. अंगणातल्या आंब्याच्या बुंध्याला मागाचं एक टोक बांधायचं, दुसरं टोक पट्ट्याने स्वतःच्या कमरेला, आणि बसायचं ते ऊन डोक्यावर येईपर्यंत. तांबडा पट्टा, निळा पट्टा, मग जांभळा. तांबडा निवडुंगावरच्या किड्यांचा, निळा निळीच्या पाल्याचा आणि जांभळा समुद्राचा, तिथल्या गोगलगायींच्या दुधाचा. तो आणायचा तिचा नवरा, तेओदुलो. मेलेल्यांचा सण आटोपला की गावातले चार-सहा पुरुष पांढऱ्या सुताच्या लडी खांद्यावर टाकून डोंगर उतरायचे आणि ईस्टरच्या आत कधीतरी त्याच लडी जांभळ्या करून परतायचे. त्या लडींना समुद्राचा वास यायचा. लुगडं विरून गेलं तरी तो वास जात नाही. बाहेरगावच्या बायका बाजारात आमच्याजवळून जाताना नाकं मुरडतात. मुरडू देत! त्यांच्या नाकाला सवय नाही, त्याला आम्ही काय करणार?

आणि नवरीच्या लुगड्याची तर गोष्टच निराळी. पोरगी बापाच्या घरातून निघते ती आईने विणलेल्या लुगड्यात, आणि त्यातला जांभळा लागतो बापाच्या हातचा, फार तर आदल्या सालचा, जुना चालत नाही. बाप नसला तर काका-मामाचा चालतो. पण बाप धडधाकट अंगणात बसलेला असताना पोरगी दुसऱ्या कुणाचा जांभळा नेसून निघाली, तर ते बापाला जिवंतपणी मातीत घातल्यासारखंच. आमच्याकडे असं कुणी केलेलं कुणाला आठवत नाही.

नेरेइदाचं, म्हणजे फ्रोसिनाच्या धाकटीचं, लग्न ईस्टरनंतर ठरलं होतं. तिच्यासाठी म्हणून गेल्या सालची लड फ्रोसिनाने मडक्यात जपून ठेवली होती. लुगडं विणायला घ्यायचं म्हणून एका सकाळी तिने ती काढली आणि उन्हात धरली. एका ठिकाणी रंग इतका दाट की काळाच वाटावा, आणि लगेच पुढे वीतभर सूत कोरं. मध्येच हिरवट डाग. तिने लड उलटीपालटी केली, पुन्हा केली. गोगलगायीचा दोष नव्हता, उन्हाचाही नव्हता. एकाच जागी पुन्हा पुन्हा चोळलेलं आणि शेजारचं तसंच राहिलेलं. इतकी वर्षं सूत हाताळलेल्या बाईला हे कळायला वेळ लागत नाही. हा न बघणाऱ्या हाताचा रंग होता.

तेओदुलो ओसरीवर जाळीच्या झोळीत बसून मक्याची कणसं सोलत होता. फ्रोसिनाने आपल्या पेटीतली एक जुनी, चांगली लडही काढली आणि दोन्ही त्याच्या मांडीवर टाकल्या.

"यातली नेरेइदासाठी कुठली घेऊ?"

तेओदुलोने एक लड उचलली. डोळ्यांकडे नाही, नाकाकडे नेली. मग दुसरीही.

"दोन्ही माझ्याच आहेत. कुठलीही घे, झकास निघेल."

"वास काय घेतोयस? मी रंगाचं विचारतेय."

तो हसला. "बायकोने एवढ्या वर्षांत पहिल्यांदा माझं मत विचारलं, म्हणून जरा वेळ लावतोय."

फ्रोसिना हसली नाही. ती त्याच्या समोर जमिनीवरच बसली आणि त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. त्याची नजर तिच्या खांद्यावरून पलीकडे, कोंबड्यांच्या खुराड्याकडे लागलेली होती. ती ओसरीवर नव्हतीच जणू!

"कधीपासून रे?" तिने हळूच विचारलं.

तेओदुलोने एक कणीस सोलून संपवलं. दाणे टोपलीत पडत राहिले.

"गेल्याच्या गेल्या पावसाळ्यापासून धूसर होतं. आता ऊन कुठे आणि सावली कुठे एवढं कळतं."

"आणि मला सांगितलं नाहीस!"

"सांगून काय? लिब्रादोने दुसऱ्याच दिवशी मला कोंबड्या राखायला बसवलं असतं. आणि तू रडली असतीस."

"मी कशाला रडू?" असं म्हणून फ्रोसिना मनसोक्त रडली, आणि मग उठून तिने भाकऱ्या थापल्या, कारण वेळ झाली होती.

लिब्रादो हा तेओदुलोचा पुतण्या. बाप लहानपणीच गेला, तेव्हा काकानेच त्याला वाढवलं, काकानेच खडकांवर न्यायला सुरुवात केली. आता समुद्रावर जाणाऱ्यांचा म्होरक्या तोच. ईस्टरच्या आधीची शेवटची मोठी ओहोटी जवळ आली तेव्हा तो घरी आला, टोपी हातात घेऊन, भिंतीला टेकून उभा राहिला. टोपी हातात घेऊन कुणी आलं की समजावं, बातमी चांगली नाही.

"काका, या खेपेला तुम्ही राहा. गेल्या वर्षी तुमचा पाय दोनदा घसरला. नेरेइदाची लड मी काढून आणतो."

प्रेमानेच म्हणाला बिचारा. पण ऐकल्यावर नेरेइदाने पाट्यावरचा हात थांबवला आणि तेओदुलोने मान खाली घातली. मग नेरेइदाच हळूच म्हणाली, "आई, नाहीतर बाजारातून जांभळा दोरा आणू. कुणाला कळणार आहे?"

"मला!" फ्रोसिना कडाडली. "नाहीतर सरळ चर्चची घंटाच वाजव ना, बाप गेला म्हणून!" आणि लिब्रादोकडे वळून ती म्हणाली, "काका येणार. आणि त्यांच्याबरोबर मी येणार."

लिब्रादो बघतच राहिला. "काकू, असं कसं? बायका येत नाहीत. समुद्र स्वतःच बाई आहे. दुसरी बाई आली की गोगलगायी तोंड मिटतात, दूध देत नाहीत."

"मिटलेली पाहिलीस तू कधी?"

"बाई कधी आलीच नाही, तर पाहणार कशी?"

"मग यंदा बघ."

बातमी गावभर व्हायला कितीसा वेळ लागतो? नळावर तिची कोमाद्रे, म्हणजे नेरेइदाची धर्ममाता, इल्देलिसा कमरेवर हात ठेवून उभीच होती. नेरेइदाला नाव दिलं ते इल्देलिसाने, त्यामुळे बोलण्याचा हक्क तिला होताच.

"काय गं, म्हातारपणी नवऱ्याच्या मागे समुद्रावर! लग्न पोरीचं आणि मधुचंद्र आईचा!"

बायका खिदळल्या. फ्रोसिनाही हसली. मग इल्देलिसा जवळ आली आणि आवाज खाली करून म्हणाली, "पण खरंच सांगते. लड कोरी आली ना, तर सगळं गाव तुझ्या नावाने खडे फोडील. त्याच्या डोळ्यांचं कुणी म्हणणार नाही. बाई गेली म्हणून झालं, असंच म्हणतील."

"म्हणू देत," फ्रोसिना म्हणाली. पण त्या दिवशी तिच्याच्याने घागर नीट उचलवेना.

लिंबांच्या ट्रकमध्ये, पोत्यांवर बसून, ते डोंगर उतरले. पुढे किनाऱ्याकिनाऱ्याने पायवाट. फ्रोसिनाने बरोबर सुकी भाकरी घेतली होती, भोपळ्याच्या तुंब्यात पाणी घेतलं होतं, आणि का कोण जाणे, मागाचा कमरपट्टा आणि दोरही घेतला होता. विणकरीण घराबाहेर पडते तेव्हा काहीतरी हातात असलेलं बरं वाटतं.

झाडी संपली आणि समुद्र समोर आला तेव्हा सकाळ होती. पुरुष सरळ चालत राहिले. फ्रोसिना जागच्या जागी थांबली.

"निळा आहे!" ती ओरडली.

तेओदुलोही थांबला. "मग? कसा असायला हवा होता?"

"जांभळा! अरे, जन्मभर मी..." जन्मभर तिने मनात जांभळाच समुद्र धरून ठेवला होता. खाली दूर कुठेतरी जांभळं पाणी आहे, गोगलगायी तेच पिऊन जांभळं दूध देतात, असंच तिचं पक्कं. कधी विचारलं नाही, कारण विचारण्यासारखं त्यात काही आहे असं वाटलंच नाही. "तांबडे किडे वाटले की तांबडा निघतो. मग जांभळा जिथून येतो तो..."

"आणि नीळ? नीळ कुठल्या पाल्यातून निघते?"

नीळ हिरव्या पाल्यातून निघते. फ्रोसिनाने कपाळावर हात मारून घेतला. तेओदुलो इतका हसला की लिब्रादोने मागे वळून पाहिलं. मग तोही हसला, आणि दोन दिवसांत पहिल्यांदा सगळ्यांना जरा मोकळं वाटलं.

पण ती हलेना. फसवल्यासारखं वाटलं होतं खरं, तरी डोळे काही केल्या हटत नव्हते. केवढा तो! उजवीकडे संपत नाही, डावीकडे संपत नाही, आणि समोर तर आभाळाच्या आत शिरलेला. एक टोक इथे तिच्या पायाशी येऊन आपटतंय, आणि दुसरं टोक कुठल्या झाडाला बांधलंय ते दिसतच नाही. चर्चमध्येही वाटत नाही एवढी भीती तिला वाटली, आणि त्या भीतीत आनंद होता. "देवा रे," ती पुटपुटली, "एवढा मोठा, आणि मी वीतभर पट्ट्यात घालत होते!"

त्या दिवशीच्या खडकांवर मात्र काही निघालं नाही. पुरुष कपारींत हात घालायचे, गोगलगाय अलगद सोडवायचे, फुंकर घालायचे. पाण्याचे दोन थेंब आणि बस. दूध म्हणून नाही. एकाने छातीवर क्रूस काढला. दुसरा फ्रोसिनाकडे न बघता बोलला, "आता काय, मिटल्या." फ्रोसिना लांब वाळूवर बसली होती. आपणच हट्टाने आलो, आता पोरीचं लुगडं आपल्याच पायगुणाने कोरं राहणार!

तेओदुलोने एक शंख हातात घेतला, बोटाने त्याची कड चाचपली आणि परत ओल्या कपारीत ठेवला.

"मिटल्या नाहीत, दमल्यात. दुसऱ्या गावचे लोक नुकतेच इथून पिळून गेलेत. महिनाभर यांना हात लावू नका."

"मग दुसरीकडे कुठे?" लिब्रादो म्हणाला. "उद्या शेवटची मोठी ओहोटी. पुढच्या मोठ्या ओहोटीपर्यंत लग्न होऊन जाईल."

"म्हातारीच्या दाढेवर."

म्हातारीची दाढ म्हणजे पाण्यात घुसलेला एकटा खडक. तिथे आता कुणी जात नाही. लिब्रादोचा बाप तिथूनच लाटेने नेला होता.

"तुम्हाला लाट दिसणार नाही, काका," लिब्रादो शेवटी बोलला. म्हणजे त्यालाही ठाऊक होतं. मनात ठेवून घसरणाऱ्या पायांचं निमित्त सांगत होता पोरगा.

"मला दिसेल," फ्रोसिना म्हणाली.

दुसऱ्या सकाळी ओहोटी लागली तशी दोघं दाढेवर गेली. लिब्रादो काठावर उभा राहिला. त्याचे पाय त्या खडकाकडे वळेनात. फ्रोसिनाने मागाचा दोर काढला. एक टोक तेओदुलोच्या कमरेला बांधलं, दुसरं आपल्या कमरपट्ट्याला, आणि वरच्या टप्प्यावर एका खाचेत टाचा रोवून बसली.

"मला विणणार आहेस की काय?" तेओदुलोने खालून विचारलं.

"गप बस आणि काम कर. लाट!"

तो खडकाला चिकटला. पाणी आलं, फेसाळलं, गेलं. मग त्याची बोटं कपारीत शिरली. फ्रोसिनाने नवऱ्याला काम करताना कधी पाहिलंच नव्हतं. घरी तो पाण्याचा पेला शोधताना चाचपडायचा. इथे त्याची बोटं न अडखळता चालत होती, झोपलेल्या पोराच्या अंगावरून फिरावीत तशी. गोगलगाय सुटली. तिने आधी पाणी टाकलं, ते त्याने झटकलं. मग हलकी फुंकर, आणि शंखाच्या तोंडाशी दूध आलं, पांढरं. डाव्या हाताला गुंडाळलेल्या लडीवर त्याने ते चोळलं आणि गोगलगाय होती तिथे, सावलीत, परत ठेवली.

"खाली कोरडं राहिलं," ती वरून सांगायची. "अजून खाली. हं, आता वर. लाट!"

दूध येत होतं. पण लड पांढरीची पांढरीच. पांढऱ्यावर पांढरं चोळून काय होणार? मिटल्या नसतील, पण रंगच देत नसतील तर? मी आहे म्हणून तर नव्हे?

मग ऊन डोंगरावरून खाली आलं आणि लडीवर पडलं. सूत पिवळं झालं. फ्रोसिना पुढे झुकली. बघता बघता पिवळ्यात हिरवं शिरलं, मक्याच्या कोवळ्या पानाचं हिरवं. ते गडद होत गेलं, कडांना निळं झालं, आणि त्या निळ्याच्या आतून, कुणी हात न लावता, कुणी काही न करता, जांभळा वर आला. तिचा जांभळा. तिच्या आईच्या लुगड्यातला, आजीच्या लुगड्यातला. तिने तो हजारदा हातात घेतला होता, आणि जन्मताना आज पहिल्यांदा पाहत होती. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. हे रोज घडतं? हे असं, इथे, कुणी बघायला नसतानाही घडतं?

"काकू!" काठावरून लिब्रादो किंचाळला.

तिने मान वर केली तोवर लाट तेओदुलोवर होती. दोराने तिच्या कमरेला असा हिसका दिला की श्वास कोंडला. खडकावर कुणी नव्हतं, नुसता फेस. फ्रोसिना मागे रेलली. जन्मभर ती अशीच मागे रेलत आली होती, रोज, माग ताणायला. ती कमर कुणाला ऐकणारी नव्हती. टाचा सोलल्या, दोर पट्ट्यात रुतला, पण ती सुटली नाही. फेसातून आधी वर आला तो तेओदुलोचा डावा हात, लडीसकट, ताठ. मग डोकं. आणि तेवढ्यात लिब्रादो, जो या खडकावर कधी पाय ठेवत नव्हता तो, गुडघाभर पाण्यातून धावत आला आणि त्याने काकाला काखेत धरून वर ओढलं.

तेओदुलो बराच वेळ खोकला.

"ओरडली का नाहीस गं?"

"रंग बघत होते," फ्रोसिना रडत म्हणाली. "मेले मी! रंग बघत राहिले रे!"

तेओदुलोच्या ओल्या मिशा हलल्या. "माझंही पहिल्या वर्षी असंच झालं होतं. लिब्रादोच्या बापाने केसांना धरून काढलं मला." लिब्रादोने तोंड फिरवलं, काकाचा हात मात्र धरूनच ठेवला.

मग उरलेलं सूत दोघांनी मिळून चोळलं, आणि लड उन्हात पसरली तेव्हा ती टोकापासून टोकापर्यंत जांभळी होती. तेओदुलोने तिच्यावरून हात फिरवला.

"कसा आलाय सांग."

"तू आणायचास तसाच."

"तसाच म्हणजे कसा? मला आता नीट आठवत नाही, फ्रोसिना."

ती सांगायला गेली. रात्र पडायच्या आधीचं आभाळ म्हणावं, तर ते नव्हे. पिकलेलं अंजीर म्हणावं, तर तेही नव्हे. जन्मभर रंगात वावरलेली बाई, पण तिला एक शब्द सापडेना.

"सांगता येत नाही रे."

"असू दे," तो म्हणाला. पण परतीच्या वाटेवर तो सारखा लडीवरून बोटं फिरवत होता.

गावात पोचल्यावर इल्देलिसाने नळावरच तिचे हात धरले आणि तळवे उलटे केले. दोन्ही जांभळे, नखांच्या आतपर्यंत. आमच्या गावात पुरुषांचे तसे हात सगळ्यांनी पाहिले होते, बाईचे कुणी नाही. इल्देलिसाने फ्रोसिनाची घागर भरली आणि स्वतःच तिच्या घरापर्यंत उचलून नेली.

फ्रोसिनाने लुगडं विणलं. लग्नाच्या सकाळी अंगण माणसांनी भरून गेलं. तेओदुलोच्या डोळ्यांचं एव्हाना सगळ्यांना कळलं होतं, म्हणून त्याला दाराजवळ खुर्ची दिली होती. नवा सदरा घालून, हात गुडघ्यांवर ठेवून तो बसला होता. लोक येऊन त्याला भेटत होते आणि जरा जास्तच मोठ्याने बोलत होते, त्याचे कानच गेल्यासारखे. फ्रोसिना आत नेरेइदाला लुगडं नेसवत होती आणि तिचं मन बाहेर होतं. एवढं करून शेवटी त्याला काय मिळालं? पोरगी समोरून जाईल, आणि कुणीतरी त्याच्या कानात सांगेल, गेली.

बँड थांबला. नवरी निघताना तो थांबतोच. नेरेइदा अनवाणी, खाली बघत, उंबऱ्याबाहेर आली. पायाचा आवाज नाही, कुणाचा शब्द नाही. इल्देलिसा सांगायला म्हणून तेओदुलोकडे वाकली.

त्याने हात वर करून तिला थांबवलं. त्याची मान आधीच वळली होती. समुद्राचा तो ताजा, खारट वास दारातून बाहेर आला होता, आणि त्याचा चेहरा त्या वासामागून वळत होता, नेरेइदाच्या पावलापावलाबरोबर, दारापासून आंब्यापर्यंत, आंब्यापासून फाटकापर्यंत, कुठेही न चुकता. अंगणातलं एकही माणूस हललं नाही.

"पोरी," तेओदुलो म्हणाला, "जरा हळू चाल. मला नीट बघू दे."